ग्रीसमध्ये स्थायिक व्हायचं, पण कुठे?



आजचा विषय जरा व्यावहारिक आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं त्यावर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या देशात जाऊन राहायचं ठरवलं, तर त्या देशातली नेमकी जागा कशी निवडायची? मी ग्रीसचं उदाहरण घेतो. एक तर आयुष्यभर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे त्या भूमीशी माझी ओळख आहे. दुसरं कारण असं की हा प्रश्न आता आपल्याही घरांत येऊ लागला आहे. मुलं म्युनिकला किंवा ॲमस्टरडॅमला स्थिरावली आहेत, आईवडिलांना तिथली थंडी सोसत नाही आणि इथे एकटं राहणंही नको वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, ग्रीसमध्ये छोटं घर घेऊ, हवा चांगली, मुलं दोन-तीन तासांच्या विमानावर. काहींनी तर तीस वर्षं युरोपात नोकरी केली आहे, त्यांना निवृत्तीनंतर उन्हात राहायचं आहे.

हा विचार वाईट नाही. पण बहुतेक लोक तो जुलै महिन्यात करतात. सहलीला गेलेले असतात, समोर निळा समुद्र, पांढरी घरं, संध्याकाळी चौकात माणसांची गर्दी. आपल्याकडे म्हणतात ना, दुरून डोंगर साजरे. इथे समुद्र साजरा असतो. आणि विचार दोघं मिळून करतात, दोघंही हिंडते-फिरते असताना. माझं म्हणणं आज एवढंच आहे की घर दोघांनी मिळून निवडावं, पण निवडताना डोळ्यांसमोर दोघांचा उन्हाळा नको. पुढे-मागे एकटं राहणाऱ्याचा हिवाळा हवा. हे ऐकायला कठोर वाटेल. पण हा निकष लावला की कितीतरी अवघड प्रश्न आपोआप सुटतात. कसे, ते पाहू.

पहिली गोष्ट हवा-पाणी. ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात आदर्श नगर कुठे वसवावं याचा विचार केला आहे. त्यात त्यानं सगळ्यात आधी आरोग्य घेतलं. उतार पूर्वेकडे असावा, पूर्वेचे वारे यावेत, ते न जमलं तर निदान उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असावा. मग पाणी. झरे असावेत, नसतील तर पावसाचं पाणी साठवायला टाक्या असाव्यात, आणि पाणी कमी असेल तर पिण्याचं पाणी वेगळं ठेवावं. बघा, एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण नगराचा विचार करताना टाकीपर्यंत आला.

दुसरं उदाहरण रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसचं. लेस्बोस बेटावरच्या मितिलिनी शहराबद्दल तो लिहितो की शहर सुंदर बांधलेलं आहे, पण जागा विचार न करता निवडलेली आहे. दक्षिणेचा वारा सुटला की लोक आजारी पडतात, वायव्येचा सुटला की खोकतात, उत्तरेचा आला की बरे होतात, पण तेव्हा थंडीमुळे गल्लीबोळांत उभं राहवत नाही. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटल स्वतः याच लेस्बोसवर काही काळ राहिला होता आणि तिथल्या समुद्रातले मासे, शिंपले यांचा अभ्यास त्यानं केला होता.

आजच्या ग्रीसमध्ये हे वारे तसेच आहेत. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून कोरडा वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. मिकोनोस, नाक्सोस, पारोस या बेटांवर तो दिवसेंदिवस थांबत नाही. उन्हाळा त्यामुळे सुसह्य होतो, पण कधी कधी बोटी बंद होतात. हिवाळ्यातल्या वादळांत तर बोटी बंद होणं नित्याचंच. वारा ठराविक ताकदीच्या पुढे गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, मग औषध येवो, पाहुणा येवो, नाही तर भाजी येवो, सगळं थांबतं.

पावसाचं गणित आपल्याला समजावून सांगायला नको. सह्याद्रीच्या अलीकडे महाबळेश्वर आणि पलीकडे फलटण, हा फरक आपण जाणतोच. ग्रीसमध्ये तसंच आहे. मधून पिंडस पर्वतरांग उत्तर-दक्षिण गेली आहे. तिच्या पश्चिमेला कॉर्फूमध्ये वर्षाला 1000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला अथेन्समध्ये साधारण 400. फक्त तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे कॉर्फूचं जे घर जुलैत हिरवंगार आणि प्रसन्न दिसतं, त्याच्या भिंती जानेवारीत ओल धरतात. जुन्या दगडी घरांत तर पुष्कळदा खोल्या गरम ठेवायची नीट सोयच नसते. सांधेदुखी असलेल्या माणसाला ‘ग्रीस म्हणजे ऊन’ हे समीकरण डिसेंबरात फसवतं. थेसालोनिकी तर आणखी उत्तरेला, तिथे वार्दारिस नावाचा बोचरा वारा येतो. सगळ्यात सौम्य हिवाळा दक्षिणेला, म्हणजे क्रीट, ऱ्होड्स आणि पेलोपोनीजचा दक्षिण किनारा इथे.

पाण्याचं म्हणाल तर एजियनमधल्या कोरड्या बेटांवर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. काही ठिकाणी ते बोटीनं आणावं लागलं आहे. उन्हाळ्यात पर्यटक वाढले की ओढाताण होते.

यात आणखी तीन गोष्टी धरा. एक भूकंप. ग्रीस हा युरोपातला सर्वाधिक भूकंपांचा देश. 1953 मध्ये केफालोनिया बेटावरची बहुतेक वस्ती उद्ध्वस्त झाली. 1986 मध्ये कालामाता शहर हादरलं. त्यामुळे घर कोणत्या वर्षी, कोणत्या नियमांनी बांधलंय हे पाहायचं. दुसरी वणवा. 2018 मध्ये अथेन्सजवळच्या माती या किनाऱ्यावरच्या वस्तीत वणव्यानं शंभरहून अधिक माणसं गेली. पाइनच्या झाडांत लपलेलं घर फोटोत छान दिसतं, पण तिथून बाहेर पडायला रस्ते किती आहेत हे आधी मोजावं. तिसरी पूर. सप्टेंबर 2023 मध्ये ‘डॅनियल’ वादळानं थेसली प्रांत पाण्याखाली गेला आणि वोलोससारख्या शहराला कित्येक दिवस पिण्याचं पाणी नव्हतं. ही यादी घाबरवण्यासाठी नाही. धोका सगळीकडे असतो. प्रश्न असा विचारायचा की वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रात्री दोन वाजता, गाडी न चालवता मी इथून बाहेर कशी पडेन, कसा पडेन?

आता दुसरी गोष्ट, गावाचा आकार. ॲरिस्टॉटल म्हणतो की नगर फार लहान असलं तर स्वतःच्या गरजा भागवू शकत नाही, आणि फार मोठं झालं तर माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. न्याय करायचा, पदं द्यायची, तर कोण कसा आहे हे माहीत हवं. म्हणून नगर एका नजरेत सामावेल एवढं असावं. त्याच्या डोक्यात राज्यकारभार होता. आपण तोच विचार म्हातारपणाला लावून पाहू.

अगदी लहान बेट घेतलं तर ओळख होते, पण गरजा भागत नाहीत. तिथे दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण हृदयविकाराचा झटका आला तर हेलिकॉप्टर किंवा बोट. त्या रात्री वारा असला तर? शिवाय ऑक्टोबर संपला की हॉटेलं बंद, खानावळी बंद, दुकानांच्या फळ्या खाली. चौकात जी गर्दी तुम्ही पाहिली होती ती सगळी पाहुण्यांची होती. उलट अथेन्समध्ये सगळं आहे, मोठी रुग्णालयं, मेट्रो, विमानतळ. पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आठ दिवस दार उघडलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल?

म्हणून ज्यांना खरंच वर्षभर राहायचं आहे, त्यांनी पन्नास हजार ते लाखभर वस्तीची शहरं पाहावीत असं मला वाटतं. क्रीटमधलं खानिया: विमानतळ आहे, शेजारच्या सौदा बंदरातून रात्रीची बोट पिरेयसला जाते, रुग्णालय आहे, आणि बेटावरच हेराक्लिओनला विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे. पेलोपोनीजमधलं कालामाता: भूकंपानंतर बरंचसं नव्यानं उभं राहिलेलं, अथेन्सशी महामार्गानं जोडलेलं, बोटीवर अवलंबून नसलेलं. वोलोस: अथेन्स आणि थेसालोनिकी यांच्या मधोमध. योआनिना: तळ्याकाठी, विद्यापीठाचं रुग्णालय असलेलं, पण हिवाळा थंड आणि पावसाळी. खाल्किदा: अथेन्सपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, रेल्वेनं जोडलेलं. या शहरांना पर्यटकांशिवायचं स्वतःचं आयुष्य आहे. जानेवारीतल्या मंगळवारी तिथे शाळा भरते, आठवडी बाजार भरतो, औषधांच्या दुकानातल्या बाई तुम्हाला नावानं हाक मारतात.

तिसरी गोष्ट, आपण तिथे कोण असणार? आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. प्राचीन अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला ‘मेतोइकोस’ म्हणत, म्हणजे घर बदलून आलेला. त्याला राहता येई, धंदा करता येई, शिकवता येई. पण मत नाही, आणि खास परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नसे. नागरिकांपैकी एक जण त्याचा पाठीराखा म्हणून लागे. त्याला दरवर्षी खास कर द्यावा लागे, पुरुषाला 12 द्राख्मा आणि एकट्यानं राहणाऱ्या स्त्रीला 6. म्हणजे परक्या गावात एकटी राहणारी बाई असते, हे त्या कायद्यालासुद्धा माहीत होतं! ॲरिस्टॉटल स्वतः असा मेतोइकोस होता. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो सायप्रसहून आलेला, तोही परकाच. अथेन्सचं नाव ज्यांनी जगभर नेलं, त्यांतले कितीतरी जण अथेन्सचे नागरिक नव्हते.

आजचा मेतोइकोस कोण? त्याचे दोन प्रकार आहेत. ज्याच्याकडे युरोपीय संघातल्या देशाचं नागरिकत्व आहे, त्याला राहण्याचा हक्क आहे, फक्त नोंदणी करावी लागते. तो जर्मनीसारख्या देशाचं सरकारी निवृत्तिवेतन घेत असेल तर एस-1 नावाच्या फॉर्मवर ग्रीसमध्ये त्याचे उपचार होतात. भारतीय पासपोर्टवाल्याचं तसं नाही. पर्यटक म्हणून 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढे परवाना. स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी एक परवाना आहे. 2024 पासून त्याला महिन्याला किमान 3,500 युरो उत्पन्न दाखवावं लागतं, जोडीदारासाठी 20 टक्के अधिक, आणि त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. दुसरा मार्ग गुंतवणुकीचा, ज्याला गोल्डन व्हिसा म्हणतात. 2013 मध्ये तो 2,50,000 युरोंच्या घरावर मिळू लागला. 2024 च्या बदलानंतर अथेन्सचा अटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सांतोरिनी आणि 3,100 पेक्षा जास्त वस्तीची बेटं इथे ती रक्कम 8,00,000 झाली, इतरत्र 4,00,000. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला 2,50,000 डॉलर बाहेर नेता येतात, हेही हिशेबात धरा. परदेशी निवृत्तिवेतनावर अटी पूर्ण केल्यास 15 वर्षं 7 टक्के दरानं कर भरण्याची सवलत आहे.

आणि सीमेलगतच्या भागात, म्हणजे ऱ्होड्स, कॉस असलेली डोडेकनीज बेटं, लेस्बोस, खिओस, सामोस इथे, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर घेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. जाहिरातीत समुद्र दिसतो, हे दिसत नाही. नियम बदलतात, म्हणून पैसे देण्याआधी स्वतःचा वकील हवा. घर विकणाऱ्याचा नको.

पण कागदापलीकडचा पाठीराखा कोण? जुन्या अथेन्समध्ये तो कायद्यानं लागे, आज तो स्वतः मिळवावा लागतो. शेजारी, दुकानदार, चर्चच्या पायरीवर बसणाऱ्या आजीबाई. त्यासाठी ग्रीक भाषा यायला हवी. आपल्याला अल्फा, बीटा, पाय ही अक्षरं गणितामुळे ओळखीची आहेत, तेवढ्यावर दुकानाची पाटी लावता येते वाचता. पुढचं मात्र शिकावंच लागतं. आणि इथे एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. बहुतेक जोडप्यांत एकच जण भाषा शिकतो, एकच जण गाडी चालवतो, एकच जण बँकेत आणि कर-कार्यालयात जातो. दुसरा किंवा दुसरी म्हणते, ‘ते सगळं हेच बघतात.’ हे जिथे घडतं तिथे गाव कितीही चांगलं असो, ते एकाचंच गाव होतं. ‘हे’ गेले, की दुसऱ्या माणसासाठी त्या गावाला जायचा रस्ताच बंद होतो.

हिंदू कुटुंबासाठी एक विषय आणखी असतो, आणि तो टाळून चालणार नाही. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनाला विरोध. कायद्यानं दहनाला मुभा 2006 मध्ये मिळाली, पण दाहिनी नव्हती, म्हणून लोक पार्थिव बल्गेरियाला नेत. देशातली पहिली दाहिनी 2019 मध्ये खाल्किदाजवळ रित्सोना इथे सुरू झाली. बेटावर मृत्यू झाला तर पार्थिव तिथवर न्यायचं, तेही मागे राहिलेल्या एकट्या माणसानं, परक्या भाषेत. हा विचार आधी केलेला बरा. मृत्युपत्राचंही तसंच. ग्रीक कायद्यात वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, पण 17 ऑगस्ट 2015 पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा-कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात लिहिता येतं. ते लिहून ठेवावं लागतं.

मृत्युपत्राचा विषय निघाला म्हणून ॲरिस्टॉटलच्या मृत्युपत्राबद्दल सांगतो. इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर वारला आणि अथेन्समध्ये मॅसेडोनियाविरुद्ध वातावरण तापलं. तिथे इतकी वर्षं शिकवणारा ॲरिस्टॉटल शेवटी परकाच ठरला. त्याच्यावर अधर्माचा आरोप आला. तो निघाला आणि खाल्किसला गेला. खाल्किस म्हणजे आजचं खाल्किदा. तिथेच का? तिथे त्याच्या आईकडची मालमत्ता होती. डोक्यावर आपलं छप्पर आणि ओळखीची माणसं. पुढच्याच वर्षी तो वारला.

त्याचं मृत्युपत्र डायोजेनिस लेअर्शियसनं जपून ठेवलं आहे. पत्नी पिथिआसच्या मृत्यूनंतर हर्पिलिस नावाची स्त्री त्याच्याबरोबर राहत होती. तिच्यासाठी पैसे आणि नोकर यांची तरतूद तर आहेच. पण पुढे तो लिहितो की तिला खाल्किसमध्ये राहायचं असेल तर बागेजवळचं पाहुण्यांचं घर द्यावं, आणि स्तागिराला राहायचं असेल तर वडिलांचं घर द्यावं. स्तागिरा म्हणजे त्याचं जन्मगाव. दोन्हींपैकी ती जे निवडेल, ते तिच्या पसंतीच्या सामानानं सजवून द्यावं.

आदर्श नगराचा उतार कुठे असावा, वारा कुठून यावा याचा विचार केलेला हा माणूस. पण हर्पिलिससाठी लिहिताना त्यानं ‘हे गाव उत्तम’ असं ठरवून टाकलं नाही. दोन जागा ठेवल्या, दोन्ही राहण्यासारख्या आणि दोन्हींकडे ओळखी असलेल्या, आणि निवड तिच्यावर सोडली. आपल्याला इतकं करता आलं तर पुष्कळ झालं. म्हणजे ग्रीसमध्ये घर घ्या, पण इथली वाट बंद करू नका. इथलं घर विकूनच तिथलं घेता येणार असेल तर काही वर्षं तिथे भाड्यानं राहून पाहा.

आणि घर घेण्याआधी एक परीक्षा करा. जानेवारीत पंधरा दिवस त्या गावात जाऊन राहा. त्यातला एक दिवस पतीनं एकट्यानं काढायचा, एक दिवस पत्नीनं एकटीनं. बसनं रुग्णालयात जायचं, औषध आणायचं, बाजारातून भाजी आणायची, शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलायची, संध्याकाळी घर गरम करायचं. रात्री दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारायचं, ‘मी नसताना तू इथे राहशील का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ते गाव तुमचं. ‘नाही’ आलं तर दुसरं गाव पाहा, ग्रीस मोठा आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.